गाठ घोड्याशी आहे

हातावर किंवा मानेवर चामखीळ आली की गावाकडे अजूनही कुणीतरी सांगतं, घोड्याच्या शेपटीचा केस आण, मुळाशी घट्ट बांध, आठ-दहा दिवसांत गळून पडेल. वरातीचा घोडा दारात आला की नवरदेवापेक्षा त्याच्या शेपटीवर डोळा ठेवून असणारी एखादी आजी प्रत्येक आळीत असायची. उपायात तथ्य नाही असंही नाही. केस बारीक आणि चिवट. फास बसला की रक्त पोचत नाही, आणि रक्त पोचलं नाही की मांस सुकतं. प्रश्न फक्त एवढाच की ज्याच्या केसाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या चामखिळी पाडल्या, त्याच्याच अंगावर गाठ उठली तर काय बांधायचं?

गंमत म्हणजे पशुवैद्यही कधी कधी बांधतातच. केसाऐवजी रबराचं घट्ट कडं, इतकाच फरक. गाठ देठावर लोंबत असेल, तिच्याखाली दोन बोटांच्या चिमटीत सैल कातडी धरता येत असेल, तर कडं चढवतात आणि काही दिवसांनी ती वाळून पडते. पण गाठीचं मूळ कड्याच्या वर आहे की खाली, हे आधी नीट चाचपावं लागतं. मूळ खाली राहिलं तर वरची गाठ पडते आणि महिन्याभरात त्याच जागी दुप्पट जोमाने मांस उसळतं. घोड्याच्या कातडीवरच्या गाठींची सगळी कहाणी या एका चाचपण्याभोवती फिरते. त्यांतल्या बऱ्याचशा घोड्याचा जीव घेत नाहीत. घात होतो तो अर्धवट उपचाराने.

घोड्यांच्या कातडीवर जगभर सर्वाधिक दिसणारी गाठ म्हणजे सार्कॉइड. हे नाव १९३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन नावाच्या पशुवैद्यकीय संशोधकाने रूढ केलं. दिसायला सार्कोमासारखी, म्हणजे मांसार्बुदासारखी, वागायला मात्र पुरती तशी नाही, म्हणून ‘सार्कोमासारखी’ या अर्थाचं नाव. सार्कॉइड आतल्या अवयवांत पसरत नाही. फुप्फुसात, यकृतात जात नाही. ती कातडीतच राहते, पण तिथे ठाण मांडून बसते. घोडा, गाढव, खेचर, सगळ्यांना होते. दक्षिण आफ्रिकेतल्या डोंगरी झेब्र्यांनाही झालेली आहे.

कारण सापडलं ते गोठ्यात. १९५१ मध्ये अमेरिकेत ऑल्सन आणि कुक या दोघांनी गाईच्या चामखिळीचा अर्क काढून घोड्यांच्या कातडीत टोचला, आणि तिथे सार्कॉइडसारख्याच गाठी उठल्या. गाईगुरांना, विशेषतः वासरांना, चामखिळी आणणारा पॅपिलोमा विषाणू घोड्याच्या अंगात शिरला की वेगळाच खेळ करतो. गाईच्या अंगावर त्याची चामखीळ येते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जाते. घोडा हे त्याचं स्वतःचं घर नाही. तिथे त्याला नीट प्रजा वाढवता येत नाही, पण कातडीतल्या पेशींना मात्र तो वाढत राहण्याचा हुकूम देऊन बसतो. वर त्याचं एक प्रथिन त्या पेशींना शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपवतं. त्यामुळे घोड्याच्या रोगप्रतिकारशक्तीला समोरचा शत्रू दिसतच नाही.

गाईकडून घोड्याकडे हा विषाणू जातो कसा? बोट माशीकडे दाखवलं जातं. गोठ्यात, तबेल्यात घोंगावणाऱ्या माश्यांच्या अंगावर या विषाणूचा अंश सापडलेला आहे. सार्कॉइड येते तीही माशीच्या आवडत्या जागी: डोळ्यांभोवती, कानाशी, जांघेत, मागच्या पायांच्या मध्ये, छातीवर आणि जुन्या जखमेच्या काठावर. मात्र एकाच तबेल्यात, त्याच माश्यांत दहा घोडे राहतात आणि गाठ एखाद्यालाच येते. त्यामागे वंशाचा हात आहे. काही घराण्यांत, प्रतिकारशक्तीची ठरावीक जनुकं असलेल्या घोड्यांत, ती जास्त दिसते. सुरुवात बहुधा ३ ते ६ वर्षांच्या वयात, म्हणजे घोडा ऐन कामाला येतो तेव्हा.

सार्कॉइडची रूपं सहा मानतात, आणि ओळखण्याची पंचाईत तिथेच होते. एक रूप म्हणजे नुसता केस गेलेला गोल चट्टा. खरारा करताना मोतद्दाराच्या नजरेला पडतो आणि सगळे म्हणतात गजकर्ण. मग महिनाभर गजकर्णाचं मलम. दुसरं रूप खडबडीत, चामखिळीसारखं. तिसरं कातडीखाली फिरणाऱ्या गोट्यांसारखं. चौथं लालभडक, ओलं, रक्ताळलेलं, जखमेत वाढलेल्या फाजील मांसासारखं. पाचव्यात या सगळ्यांची सरमिसळ असते. सहावं रूप क्वचित दिसतं, पण ते खरोखर दुष्ट: लसिकावाहिन्यांच्या वाटेने गाठींची माळ पसरत जाते.

यात आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेचे पशुवैद्य हिंदुस्थानातल्या घोड्यांच्या एका दुखण्याने जेरीस आले होते. पावसाळा लागला की पायांवर, डोळ्यांच्या कोपऱ्यात न भरणाऱ्या जखमा व्हायच्या आणि त्यांतून खड्यांसारखे कण निघायचे. त्यांनी इथलंच नाव उचललं: बरसाती. आतल्या खड्यांना म्हणायचे कंकर, आणि तो शब्द इंग्रजी पशुवैद्यकीय पुस्तकांत आजही आहे. पुढे कळलं की यातल्या पुष्कळशा जखमांमागे पोटातल्या एका जंताची अळी असते, जी माशी जखमेवर आणून सोडते. काहींमागे साचलेल्या पाण्यात वाढणारा बुरशीसारखा जीव असतो. जंताच्या बरसातीला आज आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक उतार पाडतं. हेच औषध सार्कॉइडवर कितीही द्या, गाठ ढिम्म राहते. उलट सार्कॉइड समजून बरसातीची जखम कापत बसलं तर घोड्याचे हाल फुकट.

मग तुकडा काढून तपासायला पाठवावा, हा सरळ विचार. माणसाच्या गाठीत कुणी दुसरा विचारही करणार नाही. घोड्याच्या डॉक्टरला मात्र करावा लागतो. निवांत पडलेली सार्कॉइड सुईने किंवा सुरीने डिवचली की ती खवळू शकते. केस गेलेला शांत चट्टा महिन्याभरात मुठीएवढं लाल मांस होऊ शकतो. म्हणून अनुभवी पशुवैद्य आधी डोळ्यांनी आणि बोटांनी निदान करतात, आणि तुकडा काढायचाच असेल तर निकाल आल्या आल्या उपचार सुरू करायची तयारी ठेवूनच काढतात. लहान गाठ असेल तर तुकडा न काढता पुरती गाठच काढून तीच तपासायला धाडतात. ‘बघू तरी काय आहे’ एवढ्यासाठी सुरी लावलेली गाठ ही पुढच्या मोठ्या खर्चाची पहिली पावती असते.

काहीच न करणं हाही एक उपचार आहे, फक्त तो कागदावर लिहायला डॉक्टरला आणि ऐकायला मालकाला जड जातो. स्वित्झर्लंडमधल्या फ्रँश-मोंतान्य जातीच्या तरुण घोड्यांवर काही वर्षं नजर ठेवली गेली, तेव्हा सौम्य सार्कॉइड असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या घोड्यांच्या गाठी आपोआप गेल्या. हे सौम्य गाठींबद्दलच खरं आहे. तंगाखाली घासणारी, लगामाच्या पट्ट्याने रक्ताळणारी किंवा पापणीवर चढत चाललेली गाठ वाट पाहायला सवड देत नाही. ती दररोज डिवचली जाते.

उपचार करायचा ठरला, तर पहिला विचार सुरीचा. नुसती कापून काढलेली सार्कॉइड परत येण्याचं प्रमाण खूप आहे, कारण गाठीभोवतीच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीतही विषाणूची वस्ती असते आणि सुरीबरोबर पेशी काठावर सांडतात. म्हणून भोवतालची बरीच कातडी घेऊन कापावं लागतं. पोटावर ते जमतं. डोळ्याशी किंवा गुडघ्याखाली कातडी असते किती? लेसरने काढलं तर काठ भाजले जातात आणि परत येण्याची शक्यता कमी होते. गोठवण्याची पद्धतही जुनी आहे. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन गाठीवर सोडतात. पांढरी वाफ उठते, गाठ बर्फाच्या गोळ्यासारखी टणक होते. ती पुरती वितळू द्यायची आणि पुन्हा गोठवायची, असं दोन-तीनदा. पेशी मरतात त्या गोठताना आणि वितळताना, दोन्ही वेळा. नंतर त्या जागी केस उगवतात ते पांढरे. काळ्या घोड्याच्या अंगावर कायमचा पांढरा ठिपका राहतो आणि विकत घेणारा पुढे विचारतोच, इथे काय झालं होतं?

पापणीवरच्या गाठीवर वापरलं गेलेलं एक औषध मात्र प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. त्याचा व्रण बहुतेकांच्या डाव्या दंडावर असतो: बीसीजी. अल्बेर काल्मेत आणि कामिय गेरँ या दोन फ्रेंच संशोधकांनी क्षयाचा एक जंतू १९०८ पासून तेरा वर्षं बटाट्याच्या कापांवर, पित्त मिसळून, २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला. शेवटी तो रोग देण्याचं विसरला. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा माणसाच्या बाळाला दिली गेली. या जोडीतला गेरँ पशुवैद्य होता, आणि जो जंतू त्यांनी माणसाळवला तो होता गाईच्या क्षयाचा. गाईच्या विषाणूने घोड्याला आणलेल्या गाठीवर गाईच्याच जंतूपासून केलेलं औषध, असा हा योग.

बीसीजी गाठीतच टोचतात. पेशी मारणं हे तिचं काम नाही. ती फक्त आरडाओरडा करते. जंतू आला म्हणून शरीराचे पहारेकरी धावत येतात आणि आल्यावर त्यांना तिथे दडलेली गाठही दिसते. जागा सुजते, पिकते, ओघळते, मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि मग गाठ ओसरायला लागते. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचावं लागतं. पापणीवर याचे निकाल चांगले आहेत, पायांवर मात्र नाहीत. धोकाही खरा आहे: दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी घोड्याला अचानक जबर ॲलर्जी होऊन तो कोसळू शकतो. म्हणून आधी सूज उतरवणारी औषधं देऊन आणि जीव वाचवणारं इंजेक्शन हाताशी ठेवूनच हे काम करतात. माणसांच्या मूत्राशयाच्या कर्करोगावरही हीच बीसीजी वापरतात, त्यामुळे जगात ती कमी पडली की घोड्यांचा नंबर शेवटी लागतो.

सिस्प्लाटिनची गोष्ट तिळाच्या तेलाशी येऊन थांबते. प्लॅटिनम या धातूपासून बनलेलं हे कर्करोगाचं औषध. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जंतूंचं विभाजन थांबलं, पण वीज नव्हे तर तारांतलं विरघळलेलं प्लॅटिनम त्याला कारणीभूत निघालं. माणसाला हे औषध शिरेतून देतात. घोड्याचं वजन चारशे-पाचशे किलो. त्याला शिरेतून द्यायचं तर खर्च आणि विष दोन्ही न परवडणारं. शिवाय पाण्यात कालवलेलं औषध गाठीत टोचलं तर काही वेळातच रक्तात निघून जातं. ते तिथेच रेंगाळावं म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय शाखेत आलँ तेओन यांनी ते शुद्ध केलेल्या तिळाच्या तेलात घोटून वापरलं.

हा घोटण्याचा भाग बघण्यासारखा असतो. एका सिरिंजमध्ये औषध, दुसरीत तेल, मध्ये छोटी नळी. या बाजूने दाबायचं, त्या बाजूने दाबायचं, पुन्हा पुन्हा, दोन्ही मिळून ताकासारखं पांढुरकं दाट मिश्रण होईपर्यंत. घोडा तोवर गुंगीच्या इंजेक्शनने उभ्याउभ्या पेंगत असतो, मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, मागचा एक पाय सैल. डॉक्टर गाठीच्या एका काठापासून सुई आडवी घालून मागे घेत घेत औषध सोडत जातात, मग थोड्या अंतरावर दुसरी ओळ, तिसरी ओळ, शेतात तिफण चालवावी तसं. गाठीबाहेरची एक-दोन सेंटिमीटर कातडीही त्यात येते. असं दोन-दोन आठवड्यांनी चार वेळा. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि गरोदर बाईला त्या दिवशी तबेल्यात मज्जाव, कारण सुईच्या भोकातून परतलेला एक थेंबही पेशी मारणारं औषधच असतो. तेओन यांच्या गटाने २००७ मध्ये ५७३ घोडे, गाढवं आणि खेचरांचा अनुभव प्रसिद्ध केला. चार वर्षांनंतर सार्कॉइडच्या ९६ टक्क्यांहून अधिक गाठी परत आलेल्या नव्हत्या. घोड्यांच्या वैद्यकात इतक्या मोठ्या संख्येवर उभा असलेला उपचार विरळाच.

याच औषधाला विजेची जोड देण्याची पद्धतही युरोपात रुळली आहे. गाठीत सिस्प्लाटिन टोचून लगेच विजेचे सूक्ष्म झटके देतात. त्याने पेशींच्या भिंतींना क्षणभर भोकं पडतात आणि औषध आत घुसतं. फ्रान्समधल्या तुलूझ इथे ४८ जनावरांवर केलेल्या या उपचाराचे निकाल उत्तम होते, मात्र त्यासाठी दर वेळी पूर्ण भूल देऊन घोडा आडवा करावा लागतो. घोडा आडवा करणं आणि त्याला हात-पाय न मोडता पुन्हा उभा करणं ही स्वतंत्र जोखीम आहे. डोळ्याजवळच्या अवघड गाठींवर किरणोत्सर्गी इरिडियमच्या तारा कातडीत बसवण्याचा उपाय सर्वांत प्रभावी समजला जातो, पण ती सोय जगातही मोजक्याच ठिकाणी आहे.

मलमं निरनिराळी आहेत. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला डेरेक नॉटेनबेल्ट यांनी वापरात आणलेलं जड धातूंचं आणि पेशीमारक औषधाचं मलम प्रसिद्ध आहे. ते मालकाच्या हाती देतच नाहीत, पशुवैद्य स्वतः लावतो, कारण ते गाठीबरोबर आजूबाजूचंही जाळतं आणि घोड्याला जबर दुखतं. माणसांच्या चामखिळींवरचं इमिक्विमोड मलमही वापरतात, आठवड्यातून काही वेळा, महिनोन्‌महिने. पहिल्या महिन्यात घोडा उभा राहतो. दुसऱ्या महिन्यापासून मलमाची ट्यूब दिसली की कान मागे टाकतो. तिसऱ्या महिन्यात मोतद्दारच कान मागे टाकतो.

घरगुती उपायांची यादी याहून लांब. इंग्लंडात टूथपेस्ट लावणारे आहेत. आपल्याकडे मोरचूद, चुना, ॲसिड आणि तापल्या लोखंडाचा डाग. वाढलेल्या मांसावर मोरचूद टाकलं की वरचा थर करपून पडतो, गाठ बारीक झालेली दिसते आणि उपाय लागू पडल्याचा बोभाटा होतो. खाली मूळ जागंच असतं. डॉक्टरांकडे पोचणाऱ्या अवघड सार्कॉइडपैकी कितीतरी अशा दोन-तीन अर्धवट उपायांतून गेलेल्या असतात, आणि प्रत्येक फसलेल्या उपायानंतर पुढच्याची शक्यता घटत जाते. पहिला वार हाच सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच बहुधा मोरचुदाच्या वाट्याला येतो.

आता पांढरा घोडा. वरातीला हवा तो, देवाच्या पालखीपुढे हवा तो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत हवा तो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे बघायला येणारे शौकीन पंचकल्याणी कोणता, देवमण कुठे आहे, भोवरे शुभ की अशुभ हे बारकाईने बघतात. पांढऱ्या घोड्यापाशी थबकलेलं गिऱ्हाईक त्याच्या नाकाडावरची कातडीही बघतं. गुलाबी असेल तर नुकरा, जन्मतःच पांढरा. काळी असेल तर हा घोडा जन्मला तेव्हा काळा, तांबडा असा कुठल्यातरी रंगाचा होता आणि वर्षागणिक पांढरा होत आला. शेपटी उचलून मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या घोड्यात बघायची जागा नेमकी तीच.

वयात पांढऱ्या होणाऱ्या घोड्यांपैकी पंधरा वर्षांवरच्या सुमारे ७० ते ८० टक्के घोड्यांना मेलानोमा होतो, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींची गाठ. शेपटीच्या दांड्याखाली, गुदद्वाराभोवती, ओठांत, कानाखालच्या लाळग्रंथीत. काळी, टणक, वाटाण्याएवढी. पुढे द्राक्षांच्या घोसासारखी. माणसाच्या मेलानोमाच्या नावाने ज्यांच्या छातीत धस्स होतं त्यांना घोड्याचा मेलानोमा गोंधळात टाकतो, कारण तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षं एकाच जागी निवांत पडून राहतो. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेत नाचणारे लिपिझानर घोडे याच प्रकारचे: जन्मतः काळे, पुढे शुभ्र. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९६ लिपिझानर तपासले, तर बरोबर निम्म्यांना गाठी होत्या, आणि त्यांपैकी कुणाच्या कामात त्याने मोठी अडचण आलेली नव्हती.

यामागचं कारण २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या लेइफ आंदेरसोन यांच्या गटाने उलगडलं. या सगळ्या घोड्यांत एका जनुकातला सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा जास्तीचा आहे, आणि तो हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी एका पूर्वजाकडून आलेला आहे. माणसांना तो पांढरा रंग आवडला, त्यांनी तो जोपासला, आणि रंगाबरोबर गाठही जोपासली गेली. २०२४ मध्ये त्यात भर पडली. हा तुकडा लागोपाठ दोनदा असेल तर घोडा सावकाश पांढरा होतो आणि मेलानोमाचा धोका वाढलेला दिसत नाही. तीनदा असेल तर भरभर पांढरा होतो आणि गाठी त्यालाच होतात. शिंगरू किती लवकर पांढरं पडतं यावर खूश होणाऱ्या मालकाला ही बातमी फारशी आवडणार नाही.

मेलानोमा शांत असतो म्हणून त्याला हात लावू नये, ही जुनी शिकवण. आता पुष्कळ पशुवैद्य उलट सांगतात. गाठ वाटाण्याएवढी असतानाच काढा, तेवढ्या जागेला भूल देऊन, घोडा उभा असताना. दहा मिनिटांचं काम. तीच गाठ लिंबाएवढी झाली, शेपटीखाली चार लिंबं एकमेकांत गुंतली की मग शेण टाकताना घोडा कण्हतो, गाठी फुटून काळं पाणी गळतं, माश्या बसतात आणि सुरीला जागा उरत नाही. काही घोड्यांत ती कालांतराने आत, यकृत-प्लीहा-फुप्फुसांकडेही जाते. सार्कॉइडच्या उलट, मेलानोमाला सुरीचं वावडं नाही. मोठ्या गाठींत सिस्प्लाटिन टोचतात. सिमेटिडीन या माणसांच्या ॲसिडिटीच्या गोळीचा १९९० मध्ये तीन घोड्यांवरच्या अनुभवानंतर फार बोलबाला झाला. नंतरच्या पाहणीत तिने फारसा प्रकाश पाडला नाही. तरी आशेपोटी अजून दिली जाते. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसातून अनेकदा मूठभर गोळ्या चारणं हा रोजचा कार्यक्रम असतो आणि बिलही तसंच येतं.

गुलाबी कातडीच्या घोड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा शत्रू ऊन. पापणीची कड, तिसरी पापणी, नाकाड आणि नराचं लिंग अशा जागी कातडीचा खरा कर्करोग होतो, आणि तो वेळेत धरला नाही तर आसपासच्या ग्रंथींत जातो. ऑस्ट्रियाच्या बाजूच्या हाफ्लिंगर जातीत उन्हाने झालेली पेशींची मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुकच बिघडलेलं सापडलं आहे. लिंगावरच्या गाठीत घोड्याचा स्वतःचा पॅपिलोमा विषाणू बऱ्याचदा असतो. तिसऱ्या पापणीवरची गाठ असेल तर ती पापणीच काढून टाकतात. घोडा उभ्यानेच, गुंगीत. आठवड्याभरात डोळा साफ. तिथे थांबण्याचा, बघू-करूचा प्रश्नच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एकाच बाजूने पाणी येत राहिलं, तिथे लहानसा लालसर दाणा दिसला, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. डोळ्यांवर जाळीचा मुखवटा बांधलेला पांढरा घोडा पाहून लोक हसतात, पण ती जाळी माशी आणि ऊन दोन्ही अडवते.

व्हिएन्नामध्ये सार्कॉइडच्या विषाणूविरुद्ध लसीवर काम चालू आहे, मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध देतात त्याच धर्तीवर. ती तबेल्यापर्यंत पोचेपर्यंत करायचं ते खराऱ्याच्या वेळी. ब्रश कानामागे, जांघेत, तंगाखाली फिरवताना बोटांनीही चाचपायचं. पांढरा घोडा असेल तर शेपटी धुतल्यावर ती वर धरायची. गाठ लागलीच तर तिच्याशेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढायचा आणि तारीख लिहून ठेवायची. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला, तेच नाणं, तोच उजेड. दोन फोटोंत गाठ नाण्याच्या मानाने मोठी दिसली की मोरचुदाची पुडी आहे तिथेच ठेवून डॉक्टरांना ते दोन्ही फोटो पाठवायचे.